लाकडी खिडक्या लावाव्यात का? (नागपूर, नवीन घर)

बेसावासी

नमस्कार मंडळी. बेस्याला प्लॉटवर घर बांधून राहिलो आहे, तळमजला आणि वर एक मजला. प्लिंथ झाली, भिंती आता चढतील. ठेकेदार म्हणतो, चौकटी लाकडाच्या हव्या असतील तर लगेच आणून द्या, विटकामासोबतच बसवून टाकतो.

आईला सागवानच पाहिजे. बायकोचं म्हणणं, युपीव्हीसी (कडक प्लास्टिकच्या खिडक्या) लावा आणि मोकळे व्हा, पॉलिशच्या मागे कोण धावणार? मला लाकूड आवडतं, पण आपल्या उन्हाळ्यात ते टिकेल का याची धाकधूक आहे. खिडक्या बहुतेक ४ बाय ४ च्या. घराचं तोंड पूर्वेला, दोन्ही बेडरूम मागे म्हणजे पश्चिमेला. लकडगंजात, लाकूडबाजारात, चौकशी केली तर एकाने 'सीपी' सांगितला, दुसऱ्याने 'घाना', तिसरा म्हणाला चौकट साल नावाच्या लाकडाची करा, फक्त पल्ले सागाचे. तिघांच्या भावात जमीन-अस्मानाचा फरक. कोणाचं ऐकू? लाकडाने घर थंड राहतं हे खरं का?

व्यवहारी

वहिनींचं ऐका. विषय संपला.

सावजी_रस्सा

भाऊ, आमच्याकडे सागाच्या खिडक्या हायेत. मे महिन्यात फटीतून वारा येते, ऑगस्टमध्ये लाथ मारल्याशिवाय उघडत नाही. बाकी लय मस्त दिसते पण! पाहुणे आले का पहिले खिडकीलेच हात लावून पाहतात.

आरामशीन

घरचा धंदा लाकडाचा आहे, तेव्हा माझं मत त्या हिशेबाने घ्या.

आधी ठेकेदाराला थांबवा. विटकामासोबत चौकट बसवली की ती पुढचे काही महिने क्युरिंगचं पाणी पीत राहते. वरून प्लास्टरचे ओघळ. सिमेंटच्या पाण्याने सागावर जे काळपट डाग पडतात ते घासून पूर्ण जात नाहीत, पॉलिश केल्यावर उलट उठून दिसतात. भिंतीत नुसती जागा सोडायला सांगा. प्लास्टर होऊन कडा वाळू द्या, मग चौकट लांब अँकर स्क्रूने आवळा. गवंडी कुरकुर करेल, कारण त्याला चौकटीच्या आधाराने वीट लावायची सवय असते. भिंतीला टेकणाऱ्या बाजूंना आधी डांबराचा हात मारून घ्या, नाहीतर ओल आणि वाळवी तिथूनच येते.

आता लाकूड. 'सीपी' म्हणजे आपला जुन्या मध्यप्रांताचा साग: चंद्रपूर, गडचिरोली, बालाघाट, होशंगाबाद (आताचं नर्मदापुरम) हा पट्टा. 'घाना'वाला सागही सागच आहे, जात तीच. फक्त तो बहुतेक लागवडीचा आणि कमी वयाचा असतो. कमी वयाच्या झाडात गाभा कमी, पांढरं (गाभ्याभोवतीचं बाहेरचं लाकूड) जास्त. सागाची जी काही कीर्ती आहे ती गाभ्याची. पांढऱ्याला वाळवीही खाते आणि भुंगाही. त्यामुळे देश विचारण्यापेक्षा प्रत्येक तुकड्याची कड पाहा. गाभा सोनेरी-तपकिरी आणि पांढरं फिकट पिवळसर असतं, रंधा मारलेल्या कोऱ्या लाकडावर दोन्ही सरळ वेगळे दिसतात. पॉलिशवाला रंग चढवून हा फरक पार बुजवतो. म्हणून तयार, रंगवलेली चौकट कधीच घेऊ नये. कोरं लाकूड घ्या, डोळ्यांसमोर रंधा मारून घ्या. ताज्या सागाला कातड्यासारखा वास येतो आणि बोटाला किंचित तेलकट लागतं.

वजनही करून पाहा. वाळलेला साग घनफुटाला साधारण १८-१९ किलो भरतो, साल २४ च्या आसपास. सालाची चौकट वाईट नाही, दणकट असते, पण साल वाळताना तडकतो आणि पिळतो. जाड चौकटीत निभावतं, पल्ल्याला नको.

बेसावासी

माझ्या ४ बाय ४ च्या खिडकीला लाकूड किती लागेल? एकाने सांगितलं साडेतीन घनफूट, दुसऱ्याने साडेपाच.

आरामशीन

हिशेब सोपा आहे, घरी कागदावर करा. इंचातली रुंदी गुणिले इंचातली जाडी गुणिले फुटातली लांबी, भागिले १४४.

आपल्याकडे बाहेर काचेचे पल्ले, मध्ये ग्रिल, आत जाळीचे पल्ले अशी खिडकी करतात, म्हणजे चौकटीला दोन्हीकडून खाच लागते. त्यासाठी ५ बाय ३ ची चौकट घ्या. चार बाजूंचे १६ फूट आणि मधल्या उभ्या दांड्याचे ४, असे २० फूट. ५ × ३ × २० भागिले १४४, झाले २.०८. पल्ले चार, प्रत्येकाला १२ फूट पट्टी, एकूण ४८ फूट. पट्टी ३ बाय सव्वा धरली तर १.२५. बेरीज ३.३३ घनफूट. कापणी-रंध्यात जाणारं धरून चारच्या थोडं वर. साडेतीनवाल्याने घट धरलेली नाही, ती नंतर बिलात निघेल. साडेपाचवाल्याला विचारा कोणती मापं धरली.

आणखी एक. ५ बाय ३ हे कोऱ्या कापणीचं माप. रंधा मारल्यावर पाव इंच दोन्हीकडे कमी भरेल, त्यात फसवणूक नाही. पण बोलणं करतानाच विचारून ठेवा की पैसे कोऱ्या मापाचे की तयार मापाचे. निम्मी भांडणं इथेच होतात.

आलापल्लीकर

सीपी सागावर थोडी भर. नव्या संसद भवनासाठी साग नागपूरहून गेला, अयोध्येच्या राम मंदिरासाठी २०२३ मध्ये बल्लारपूरच्या डेपोतून गेला. तेव्हापासून जो तो दुकानदार 'तोच माल' म्हणून विकतो. तोच माल असेल तर कागद असणार. वनविभाग आणि वनविकास महामंडळ (स्थापना १९७४ ची, मुख्यालय नागपुरातच आहे) डेपोतून लिलावाने लाकूड विकतात. लाकडावर हातोड्याचा छाप असतो, सोबत वाहतूक परवाना असतो. तुम्ही चिराण म्हणजे कापलेला माल घेणार, त्यामुळे छाप दिसणार नाही, पण आरामशीनवाल्याकडून पक्कं बिल मागा. बिल न देता स्वस्तात साग देणारा माणूस जंगलातून काय आणि कसं आणतो हे इकडे सगळ्यांना माहीत आहे. चार पैशांसाठी त्या भानगडीत पडू नका.

नकाशावाली

मी आर्किटेक्ट आहे. 'लाकडाने घर थंड राहतं का' याला अजून कोणी हात घातला नाही, म्हणून लिहिते.

लाकडातून उष्णता खूप कमी वाहते. ॲल्युमिनियमच्या तुलनेत हजार पटीच्या आसपास कमी. हे वाचून लोक लाकूड घेतात, आणि मग खिडकीत ५ मिमीची साधी काच लावतात. ४ बाय ४ च्या खिडकीत काच किती आणि लाकूड किती ते पाहा. थेट उन्हातली साधी पारदर्शक काच उन्हाची बहुतेक उष्णता, ढोबळमानाने ८० टक्के, आत सोडते. म्हणजे गरम होण्याचं मुख्य कारण काच आणि तिच्यावर पडणारं ऊन. चौकट लाकडाची आहे की युपीव्हीसीची, याने बेडरूमच्या तापमानात तुम्हाला कळेल असा फरक पडत नाही. ॲल्युमिनियमला हात लावला तर चटका बसतो, तेवढा मात्र कळतो.

आता आपल्या गावचं ऊन. नागपूर साधारण २१ अंश अक्षांशावर आहे. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात सूर्य दुपारी अगदी डोक्यावर येतो आणि जूनमध्ये तर किंचित उत्तरेकडे सरकतो. त्यामुळे ऐन उन्हाळ्यात दक्षिणेच्या खिडकीला दीड-दोन फुटांचा छज्जा पुरतो. थंडीत तिथूनच छान ऊन आत येतं. लोक दक्षिणेला उगाच घाबरतात. खरी डोकेदुखी पश्चिम. दुपारी तीननंतर सूर्य उतरतो आणि ऊन छज्ज्याच्या खालून आडवं घुसतं. छज्जा चार फुटांचा केला तरी पाच वाजता फारसा उपयोग नाही. २०१३ च्या मे महिन्यात इथे ४७.९ अंशांची नोंद झाली आहे, आणि तुमच्या दोन्ही बेडरूम पश्चिमेला! नकाशा अजून बदलता येत असेल तर बदला. येत नसेल तर तिथल्या खिडक्या लहान करा, उभ्या फिन (भिंतीतून बाहेर येणाऱ्या पट्ट्या) घ्या किंवा बाहेरून चिक (बांबूचा पडदा) सोडा. बाहेरून, आतून नाही. आतला पडदा ऊन अडवतो तोवर उष्णता घरात आलेली असते.

पश्चिमेला लाकूड नकोच असं माझं मत आहे. तिथे उन्हाने पॉलिश सगळ्यात आधी उडतं, आणि पावसाळ्यात झडीही बऱ्याचदा त्याच अंगाने लागते.

व्यवहारी

म्हणजे मीच बरोबर. युपीव्हीसी.

नकाशावाली

पश्चिमेला, हो. पण पांढरं घ्या आणि आत स्टीलची पट्टी आहे ना ते पाहून घ्या. लाकडी रंगाचं गडद लॅमिनेट केलेलं युपीव्हीसी पश्चिमेच्या उन्हात फार तापतं. ते प्लास्टिक ७५-८० अंशांना मऊ पडायला लागतं, आणि गडद पृष्ठभाग मे महिन्यात त्याच्या बराच जवळ जातो. पल्ला वाकला की लॉक लागत नाही.

महालातला

आमचा महालातला जुना वाडा अजून उभा आहे. खिडक्या सागाच्या, आजोबांच्याही आधीच्या. येणारा जाणारा म्हणतो, 'पूर्वीचं लाकूडच वेगळं होतं हो.' असेल. पण जरा टेप लावून पाहा. भिंत दोन फुटांची, खिडकी त्यात जवळपास फूटभर आत बसवलेली. तिच्यावर पाऊसही पडत नाही आणि ऊनही तिरपंच लागतं. रस्त्याच्या बाजूला एकच खिडकी नंतर कधीतरी भिंतीच्या बाहेरच्या कडेला आणून बसवली होती. लाकूड त्याच वाड्याच्या पडलेल्या भागातलं, तितकंच जुनं. तिची खालची पट्टी भुसा झाली.

हल्ली नऊ इंची भिंत आणि चौकट बाहेरच्या प्लास्टरला लागून, सपाट. का? तर आतून कट्टा मोठा मिळतो, कुंड्या ठेवायला. कुंड्यांचं पाणी परत चौकटीवरच.

आरामशीन

@महालातला, अगदी नेमकं. आमच्याकडे परत येणाऱ्या दहापैकी नऊ तक्रारी खालच्या पट्टीच्या असतात. वरचं लाकूड ठणठणीत, खालचे दोन इंच गेलेले. गिऱ्हाईक म्हणतं माल खराब दिला.

वाळ्याची_जाळी

सगळे ऊन-पावसावर बोलून राहिले. आपल्या नागपुरात खिडकीचा खरा वैरी कूलर आहे, त्यावर कोणीच काही लिहिलं नाही!

मार्च संपला की हॉलच्या खिडकीबाहेर स्टँडवर कूलर चढतो तो पार पावसाळा लागेपर्यंत. काचेचे पल्ले सताड उघडे, उरलेल्या जागेत पुठ्ठा नाहीतर प्लायचा तुकडा ठोकलेला. त्या खिळ्यांनी चौकटीची चाळणी होते. पंप जरा जोरात असला की ताट्यांवरून शिंतोडे थेट चौकटीवर. आमच्याकडे बोअरचं पाणी आहे, खारं. दोन उन्हाळ्यांत चौकटीच्या खालच्या अंगाला पांढरा थर चढला, खरवडला तर खाली पॉलिश नाही, लाकडाचे रेशे उभे राहिलेले. बाहेर हवा इतकी कोरडी की ओठ फुटतात आणि ही एक पट्टी सगळा उन्हाळा ओली. दुसऱ्या खोलीतल्या तशाच चौकटीला काही झालेलं नाही.

ज्याने खिडक्या केल्या त्याला बोलावलं तर म्हणे पॉलिश परत मारून घ्या. कूलरचं नावही नाही काढलं.

सावजी_रस्सा

ताई, एसी लावा ना मंग.

वाळ्याची_जाळी

बिल तुम्ही भरा, लावते.

नकाशावाली

कूलरचा मुद्दा फारच महत्त्वाचा. मी आता नकाशातच कूलरची जागा ठरवून घेते. खिडकीच्या शेजारी भिंतीत कूलरच्या तोंडाच्या मापाची स्वतंत्र खिडकी ठेवायची, चौकट ग्रॅनाइटची, आतून एक झाकण. थंडीत बंद. खाली बाहेरच्या बाजूला उताराचा कट्टा आणि पाणी जायला नळी. मोठी खिडकी मग पूर्ण मोकळी राहते. आणि एक खिडकी उघडी लागतेच. कूलरची हवा बाहेर निघाली नाही तर खोलीत नुसता दमटपणा साठतो. हवा जाणारी खिडकी समोरच्या भिंतीत हवी.

बेसावासी

हे माझ्या डोक्यातच नव्हतं, खूप आभार. हॉलची पूर्वेची खिडकी कूलरसाठी धरली होती, आता शेजारी वेगळी जागा काढतो.

@सावजी_रस्सा म्हणाले त्या फुगण्या-आकसण्याचं काय करायचं?

आरामशीन

ते पूर्ण थांबणार नाही, लाकूड आहे. एप्रिल-मेमध्ये आपली हवा भट्टीसारखी कोरडी, जुलै-ऑगस्टमध्ये ओलीचिंब. लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, रुंदीत हलतं. साग इतरांपेक्षा कमी हलतो, म्हणून तर त्याला मान. पण तोही वाळलेला असेल तर. ओलावा मोजायचं छोटं मीटर मिळतं, सुया टोचून आकडा दाखवतं. घ्या नाहीतर कोणाचं मागून आणा. पल्ल्याच्या लाकडात १२ टक्क्यांच्या आसपास आकडा आला पाहिजे. मीटर बाहेरून टोचू नका, एखादा तुकडा मधोमध कापून ताज्या कडेवर टोचा. बाहेरून सगळंच वाळलेलं दाखवतं. चिराण माल आणून सावलीत, मध्ये पट्ट्या ठेवून हवेशीर रचून ठेवा. घर बांधायला वेळ लागणारच आहे, तेवढ्यात वाळेल. उन्हात टाकून घाई केली तर टोकांना चिरा जातात.

पल्ला बसवताना चारही बाजूंना दोन-तीन मिमी मोकळीक. पावसाळ्यात पल्ला अडकला की लगेच सुताराला बोलावून रंधा मारून घेतात, तो प्रकार करू नका. ऑगस्टमध्ये जेवढं काढाल तेवढी फट मे महिन्यात मिळेल, आणि मे महिन्याच्या फटीतून धूळ येते. अडकतं तिथे आधी पेन्सिलीने खूण करून ठेवा, पाऊस गेल्यावर पाहा. तरीही घासतच असेल तर बिजागरी सैल झाली का ते बघा. पुष्कळदा लाकूड फुगलेलंच नसतं, पल्ला खाली उतरलेला असतो.

काळीमाती

आणि मनीषनगर-बेसा भागात काळी माती असेल तर घरच थोडं हलतं. आमच्याकडे एका कोपऱ्यातल्या सगळ्या खिडक्या एकदम अडायला लागल्या, सुतार दोनदा येऊन रंधा मारून गेला. भिंतीत तिरपी भेग दिसल्यावर कळलं की दोष पायाचा. एकच खिडकी अडली तर सुतार, ओळीने अडल्या तर इंजिनीअर.

व्यवहारी

लाकूडवाल्यांनो, मेंटेनन्सवर बोला. दर वर्षी पॉलिश?

महालातला

दर वर्षी नाही. बाहेरच्या अंगाला मेलामाइन पॉलिश मारलं तर वर्षा-दोन वर्षांत पापुद्रे निघणारच, ते घरातल्या फर्निचरसाठी असतं. बाहेरचं म्हणून जे पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश येतं ते बरं, पण उडालं की सगळं खरवडून पहिल्यापासून. आम्ही बेलतेल, म्हणजे जवसाचं तेल लावतो. जवस तर आपल्या विदर्भाचंच पीक. थोडं टर्पेंटाइन घालून पातळ करायचं, फडक्याने लावायचं, पंधरा मिनिटांनी जास्तीचं पुसून घ्यायचं. दिवाळीच्या साफसफाईत एक हात. पापुद्रा धरतच नाही, त्यामुळे खरवडणं नाही. चकाकी येत नाही आणि काही वर्षांत रंग गडद होतो, ते ज्यांना चालत असेल त्यांनीच करा.

एक मात्र पाळा: तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. ती आपोआप तापून पेट घेतात, हे खरंच होतं. पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून फेका.

आरामशीन

तेल लावा की पीयू, पल्ल्याची खालची आणि वरची कड सोडू नका. पेंटर समोरून, मागून छान हात मारतो, खालची कड दिसत नाही म्हणून कोरी ठेवतो. पाणी नेमकं तिथून, रेशांच्या टोकांतून वर चढतं. पल्ला बिजागरीवर चढवण्याआधीच चारही कडा रंगवून घ्या. चढवल्यावर मोबाइल खाली धरून फोटो काढा, कोरं लाकूड लगेच दिसतं. पैसे त्यानंतर द्या.

बेसावासी

सगळं घरी वाचून दाखवलं. आई आणि बायको दोघींचं एकमत झालं, हे या धाग्याचं मोठं काम!

ठरलं असं. पूर्व आणि उत्तरेच्या खिडक्या सागाच्या, चौकट चार इंच आत घेऊन. पश्चिमेच्या बेडरूमला पांढरं युपीव्हीसी, खिडकी लहान, बाहेरून चिक. दक्षिणेच्या जिन्याला लाकूड. चौकटी प्लास्टरनंतर. ठेकेदार तोंड वाकडं करतोय, म्हणतो चौकट आत घेतली तर बाहेरचा कट्टा पाणी धरेल.

नकाशावाली

सपाट ठेवला तर धरेलच, तो बरोबर बोलतोय. ग्रॅनाइटला बाहेरच्या बाजूला अर्धा इंच उतार द्या आणि पट्टी भिंतीच्या इंचभर बाहेर काढा. तिच्या खालून, कडेपासून थोडं आत, मशीनने एक खाच मारून घ्या, म्हणजे पाणी भिंतीवरून न ओघळता तिथेच टपकेल. छज्ज्याच्या खालच्या कडेलाही तशीच खाच लागते, पण ती सेंट्रिंगमध्ये (काँक्रीटच्या साच्यात) पट्टी ठेवूनच नीट येते. लिंटेलपर्यंत, म्हणजे खिडकीवरच्या बीमपर्यंत, भिंत आली की ठेकेदाराला आठवण करा, स्लॅबवाले ती पट्टी विसरतात.

सावजी_रस्सा

वास्तुशांतीले बोलवा भाऊ. खिडकीले हात लावून पाहू.